वेल्लोरच्या कैवारी : डॉ. आयडा स्कडर



रुग्णसेवा हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर औषधे, खाटा, शस्त्रक्रियेची दालने व यंत्रे उभी राहतात. परंतु वैद्य व रोगी यांच्यामध्ये या सर्वांच्या अगोदर येणारी एक गोष्ट असते. ती म्हणजे रोग्याच्या घराचा उंबरठा. त्या उंबरठ्यावर भाषा असते, रूढी असते, धर्म असतो, लाज असते आणि भीतीही असते. तो ओलांडता आला नाही, तर कितीही गुणकारी औषध कुपीतच राहते. हे सत्य ज्यांना ऐन तारुण्यात एका रात्रीत उमगले, आणि ज्यांनी पुढील सारे आयुष्य त्या उंबरठ्यासाठी वेचले, त्या डॉ. आयडा सोफिया स्कडर यांचा जीवनपट आपल्यापुढे ठेवीत आहे.

घराणे व बालपण

स्कडर हे नाव दक्षिण भारतातील मंडळ्यांना चांगले परिचित आहे. आयडाचे आजोबा रेव्ह. डॉ. जॉन स्कडर हे न्यूयॉर्कमधील आपला वैद्यकीय व्यवसाय सोडून १८१९ साली सिलोनकडे निघाले. अमेरिकेतून परदेशी गेलेले ते पहिले वैद्यकीय मिशनरी समजले जातात. पुढे ते मद्रासला आले. त्यांच्या पुत्रांनी १८५३ साली आर्काट मिशनची स्थापना केली, आणि त्या घराण्याच्या चार पिढ्यांनी या देशात सेवा केली. त्यांचे एक पुत्र डॉ. जॉन स्कडर (दुसरे) व त्यांची पत्नी सोफिया यांच्या पोटी ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे आयडाचा जन्म झाला.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. भुकेने व्याकूळ झालेली मुले मिशनच्या आवारात येत, आणि त्यांच्या मुखी भाकरीचे तुकडे घालण्याचे काम लहानग्या आयडाच्याही वाट्याला आले. त्या दृश्यांनी तिच्या मनात करुणेपेक्षा भयच अधिक निर्माण केले. पुढे हे कुटुंब अमेरिकेला गेले. काही वर्षांनी आईवडील सेवेसाठी परतले, आणि आयडा शिक्षणासाठी मागे राहिली. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे सुप्रसिद्ध सुवार्तिक डी. एल. मूडी यांनी स्थापिलेल्या शाळेत ती शिकू लागली. आनंदी, खेळकर स्वभावाच्या या मुलीने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. आजोबांचा व वडिलांचा मार्ग आपला नव्हे; आपण अमेरिकेतच राहावयाचे, आणि इतर मैत्रिणींप्रमाणे सुखाचा संसार करावयाचा.

१८९० साली आई आजारी असल्याचे वर्तमान आले. तिच्या शुश्रूषेसाठी आयडा मद्रास इलाख्यातील तिंडिवनम या गावी वडिलांच्या बंगल्यात आली. हा मुक्काम थोड्या दिवसांचा, अशीच तिची समजूत होती.

ती रात्र

वाचकहो, तिंडिवनमच्या त्या रात्रीची हकिकत आपणांपैकी पुष्कळांनी उपदेशांतून ऐकली असेल. तरी ती सावकाश पाहण्याजोगी आहे.

रात्री एक तरुण ब्राह्मण गृहस्थ दाराशी आला. त्याची कोवळ्या वयाची पत्नी प्रसूतिवेदनांनी तळमळत होती, आणि गावच्या सुइणींचे उपाय संपले होते. तो मदत मागावयास आला होता, तो मात्र आयडाकडे. तिने सांगितले की आपण वैद्य नाही, आपले वडील वैद्य आहेत, त्यांना घेऊन जावे. परपुरुषाने पत्नीला पाहावे हे त्याच्या कुळाच्या रीतीत बसणारे नव्हते. तो निराश होऊन परतला. त्यानंतर एक मुसलमान गृहस्थ आला. त्याच्या घरीही तेच संकट होते. आयडाने वडिलांसोबत स्वतः येण्याची तयारी दाखवली, तरीही उत्तर तेच मिळाले. तिसरा आला तो आणखी एका उच्चवर्णीय हिंदू कुटुंबातील. त्याचेही गाऱ्हाणे तेच, आणि नकारही तोच.

आयडाला रात्रभर झोप आली नाही. पहाटे अंत्ययात्रेचा वाद्यघोष तिच्या कानी पडला. चौकशीसाठी नोकराला पाठवले, तेव्हा त्या तिन्ही स्त्रिया मरण पावल्याचे कळले. ती आपल्या खोलीत गेली, प्रार्थनेत झगडली, आणि त्याच दिवशी तिने आईवडिलांना सांगितले की आपण वैद्यकीय शिक्षण घेऊन याच देशात परत येणार.

ही हकिकत सांगताना बहुधा दोष त्या तीन पतींना दिला जातो. हा न्याय घाईचा आहे असे मला वाटते. ते तिघे पत्नीची पर्वा नसलेले पुरुष असते, तर मध्यरात्री परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या माणसाच्या दाराशी कशाला आले असते? दुसरीकडे, आयडाच्या वडिलांच्या कौशल्यात अथवा प्रेमातही काही उणे नव्हते. दोन्ही बाजूंना सद्भाव होता, आणि त्या दोहोंमध्ये तीन स्त्रिया दगावल्या. आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या रात्री बोलणे झाले ते सारे दाराशी. आत वेदनेने तळमळणाऱ्या त्या तिघींना आपले मत कोणी विचारले होते, असे त्या हकिकतीत कोठेही आढळत नाही.

दोन बंद दारे

आयडा अमेरिकेला परतली. १८९५ साली तिने फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. या संस्थेचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली येथूनच पदवी मिळवली, आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये मुंबईस दीर्घकाळ सेवा करणाऱ्या डॉ. गुरुबाई करमरकर १८९२ साली येथूनच उत्तीर्ण झाल्या. आयडाचा जन्म झाला त्याच वर्षी, म्हणजे १८७० साली, बरेलीस येऊन पोहोचलेल्या डॉ. क्लारा स्वेन याही याच संस्थेच्या पदवीधर होत्या. तेव्हा आयडा ही वाट चालणारी पहिली नव्हती. तिच्या अगोदर त्या वाटेवर पावले उमटली होती, आणि त्यांत आपल्या भगिनींचीही होती.

पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांसाठी खुले झाले, तेव्हा ती तेथे गेली, आणि स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या तेथील पहिल्याच तुकडीतून १८९९ साली पदवीधर झाली.

येथे क्षणभर थांबावे. तिंडिवनममध्ये घराचे दार पुरुष वैद्याला बंद होते. पण पाश्चात्त्य देशांत वैद्यकीय महाविद्यालयांची दारे स्त्रियांना दीर्घकाळ बंदच होती. पहिले दार आपल्या रूढीने लावले होते, दुसरे त्यांच्या रूढीने. त्या तीन स्त्रियांचा मृत्यू या दोन बंद दारांच्या मध्ये झाला. म्हणून एका संस्कृतीने दुसरीकडे बोट दाखवावे असे या कथेत काही नाही. आयडाने आपल्या बाजूचे दार प्रथम उघडले, आणि मग ती दुसऱ्या दाराशी गेली.

वेल्लोर

निघण्यापूर्वी वेल्लोर येथे स्त्रियांच्या रुग्णालयासाठी निधी जमवावयाचा होता. न्यूयॉर्कमधील शेल नावाच्या एका वृद्ध बँकमालकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलरची देणगी दिली. १९०० सालाच्या आरंभी डॉ. आयडा आपली मैत्रीण ॲनी हॅनकॉक हिच्यासह भारतात परतल्या. वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा असा त्यांचा विचार होता. परंतु त्याच वर्षी वडिलांना देवाज्ञा झाली. आता एकटी तरुण स्त्री, हाताशी अनुभव नाही, आणि पुरुष वैद्याच्या जागी स्त्री ही गोष्ट लोकांना अपरिचित. आरंभी रोगी फारसे फिरकलेच नाहीत.

बंगल्यातील एका छोट्या खोलीत, एका खाटेवर, त्यांनी कामास प्रारंभ केला. घरच्या नोकराची पत्नी सलोमी हिला त्यांनी मदतनीस म्हणून शिकवले. लोकांचे भय हळूहळू ओसरले, आणि पहिल्या दोन वर्षांत सुमारे पाच हजार रोग्यांवर उपचार झाले. १९०२ साली चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल स्मारक रुग्णालय उघडले.

वेल्लोरचा परिसर विविधतेने भरलेला आहे. गावात तमिळ बोलली जाते. थोडे उत्तरेस गेले की तेलुगू सुरू होते. आणि वेल्लोर, आंबूर, वाणियंबाडी या गावांत उर्दू बोलणारा मुसलमान समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. एकाच ओसरीवर निरनिराळ्या जातीच्या, धर्माच्या व भाषांच्या स्त्रिया बसलेल्या असत. प्रत्येकीची लाज वेगळी, पथ्ये वेगळी, देवाला हाक मारण्याची रीत वेगळी. प्रसूतीची वेदना मात्र एकच. आपले कुळाचार सोडून या, मग आम्ही तपासू, अशी अट घालणे डॉ. आयडांना मान्य नव्हते. वैद्यकशास्त्रानेच त्यांच्या रीतीला झेपेल अशा रूपात त्यांच्या घरी जावे, हा त्यांचा मार्ग होता.

रुग्णालयापर्यंत येऊ न शकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. मग डॉ. आयडा स्वतः रस्त्यावर निघाल्या. प्रथम बैलगाडी होती, पुढे एक लहानशी फ्रेंच मोटार आली. ती पाहून खेड्यांतील लोक सैरावैरा पळत सुटले अशी आठवण सांगतात. गुडियात्तमच्या वाटेवर ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडांखाली रोगी जमू लागले. जखमा धुतल्या जात, डोळ्यांत औषध घातले जाई, दात काढले जात. खेड्यापाड्यांत जाऊन उपचार करण्याची जी परंपरा वेल्लोरने पुढे जोपासली, तिचे मूळ या झाडांच्या सावलीत आहे.

मुलींच्या हाती

एक वैद्य कितीही झिजली तरी किती उंबरठे ओलांडणार? आणि ती परदेशी असली तर रोग्याच्या मनातील कित्येक गोष्टी तिच्या कानापर्यंत पोहोचतही नाहीत. म्हणून याच देशातील मुलींना शिकवावयाचे असे त्यांनी ठरवले. १९०९ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. त्यापुढचे स्वप्न होते स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेचे. मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांना ते अव्यवहार्य वाटले. पुरेसे अर्जच येणार नाहीत अशी त्यांची अटकळ होती. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी १५१ अर्ज आले. १२ ऑगस्ट १९१८ रोजी शाळेचे उद्घाटन झाले. पहिल्या सरकारी परीक्षेत अन्य शाळांतील पुरुष विद्यार्थी मोठ्या संख्येने अनुत्तीर्ण झाले असता वेल्लोरच्या सर्व मुली उत्तीर्ण झाल्या. १९२२ साली त्यांतील १४ जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

ज्या समाजात मुलीने उंबरठा ओलांडणे कठीण, त्याच समाजातील मुली आता औषधाची पेटी घेऊन इतरांच्या उंबरठ्याच्या आत जाऊ लागल्या. त्या रोग्याची भाषा बोलत होत्या. सासूच्या धाकाने सून काय सांगत नाही, आणि नजरेने काय सांगते, हे त्यांना कळत होते.

कैवारी या शब्दाचा अर्थ

माझे आयुष्य पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामात गेले आहे. म्हणून एका शब्दाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्यासाठी आपल्या मराठी शास्त्रात कैवारी हा शब्द योजिला आहे. मूळ शब्दाचा उगम पाहिला तर त्याचा अर्थ होतो, साहाय्यासाठी जवळ बोलावलेला. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्या बाजूला येऊन जो उभा राहतो, तो कैवारी.

आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्रात रुग्णाची बाजू घेऊन बोलण्याच्या कर्तव्यावर पुष्कळ लिहिले जाते. त्या कर्तव्याची दोन अंगे आहेत, आणि ती परस्परांना ओढ देतात. पहिले अंग असे की रोग्याची संस्कृती हा त्याच्यावर लादलेला बोजा समजू नये. ती त्याचे घर आहे, आणि घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढावी लागतात. दुसरे अंग असे की संस्कृतीच्या नावाने बोलणारा प्रत्येक आवाज रोग्याचाच असतो असे नाही. पती बोलतो, सासू बोलते, जातीतील वडीलधारे बोलतात. आतल्या खोलीतील जीव गप्प असतो. केवळ पहिले अंग धरले तर आपण रूढीपुढे मान तुकवून रोग्याला मरू देतो. केवळ दुसरे धरले तर आपण उद्धारकाचा आव आणून घराचे दार फोडतो, आणि पुढच्या वेळी ते दार आपणांस कायमचे बंद होते.

डॉ. आयडांच्या कार्याचे मोल मला येथे दिसते. स्त्री वैद्य पाठवल्याने पतीची मर्यादा राखली गेली, आणि त्याच वेळी आतल्या खोलीत कोणीतरी प्रथमच त्या स्त्रीलाच विचारू शकले की बाई, तुला कोठे दुखते? आपल्या प्रभूची रीतही अशीच होती. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाला काय हवे हे कोणालाही दिसत होते. तरी प्रभूने त्याला बरे करण्यापूर्वी त्याची इच्छा विचारली. आणि भोवतालचे लोक तर त्याला गप्प राहण्यास दटावीत होते, हेही विसरू नये.

तत्त्वाची कसोटी

वाचकहो, ज्या तत्त्वासाठी आयुष्य वेचले त्याच तत्त्वाची कसोटी उतारवयात व्हावी, हे अनेक देवभक्तांच्या वाट्याला आले आहे. १९३०नंतरच्या दशकाच्या अखेरीस मद्रास सरकारने वैद्यकीय पदविका बंद करून यापुढे विद्यापीठाची पदवीच ग्राह्य धरण्याचे धोरण स्वीकारले. वेल्लोरच्या शाळेपुढे दोनच वाटा उरल्या. पदवीच्या दर्जाला पोहोचावे, नाहीतर बंद व्हावे. त्यासाठी अधिक शिक्षक, अधिक खाटा, अधिक प्रयोगशाळा आणि फार मोठा निधी लागणार होता. सत्तरी गाठलेल्या डॉ. आयडा महायुद्धाच्या दिवसांत अमेरिकेत गावोगाव फिरल्या. १९४२ साली मद्रास विद्यापीठाची मान्यता मिळाली.

परंतु हे ओझे केवळ स्त्रियांच्या मंडळांना पेलणारे नव्हते. विविध मिशनांनी व मंडळ्यांनी एकत्र यावे, आणि पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश द्यावा, असा विचार पुढे आला. डॉ. आयडांच्या अमेरिकेतील काही जुन्या साहाय्यक भगिनींना हा विश्वासघात वाटला. स्त्रियांसाठी, स्त्रियांच्या पैशाने उभे केलेले हे काम होते. डॉ. आयडांची मोठी ओढाताण झाली. अखेर त्यांनी नव्या योजनेला संमती दिली, आणि १९४७ साली पुरुष विद्यार्थी दाखल झाले. रोग्याच्या हितासाठी जे साधन त्यांनी घडवले होते, ते साधन रोग्याहून मोठे होऊ नये हे त्यांनी मान्य केले. आपल्या मंडळ्यांतून व संस्थांतून काम करणाऱ्यांनी मनन करावे असा हा प्रसंग आहे.

१९४६ साली त्या निवृत्त झाल्या. काही काळातच संस्थेची धुरा विशाखापट्टणच्या डॉ. हिल्डा लाझारस या भारतीय ख्रिस्ती भगिनीकडे आली. उंबरठ्याच्या आतील माणसाने आतल्या माणसाची सेवा करावी, हा विचार येथे पूर्णत्वास गेला. कोडाईकनाल येथील आपल्या घरी मे १९६०मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी, डॉ. आयडा प्रभूच्या विसाव्यात गेल्या. केवळ डॉक्टर आयडा, भारत, एवढाच पत्ता लिहिलेले पत्र त्यांच्यापर्यंत सुखरूप पोहोचले होते असे सांगतात.

आपला उंबरठा

आज वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. काटपाडी स्थानकावर उतरणाऱ्यांत बंगाल, झारखंड व ईशान्येकडील राज्यांतील कुटुंबे पुष्कळ असतात. तिंडिवनमच्या रात्रीचा प्रश्न त्यामुळे संपला नसून त्याने केवळ रूप पालटले आहे. हा प्रश्न साऱ्या देशाचा आहे. कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रोग्याच्या वतीने त्याच्या आप्ताने दिलेली संमती पुरेशी नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा लोकांपुढे आला. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि कागदावरील हक्क रोग्याच्या कानात त्याच्या भाषेत कोणी सांगितला नाही, तर तोही कुपीतल्या औषधासारखाच राहतो.

वाचकहो, आपणांपैकी पुष्कळ जण मराठी मुलखाबाहेर, परक्या भाषेच्या गावी राहतात. रुग्णालयात फॉर्मवर कोठे सही करावयाची हे न कळून गोंधळलेला रोगी आपण पाहिला असेल. कदाचित आपणच तो रोगी असाल. आपण डॉक्टर किंवा परिचारिका असाल तर सोबतच्या नातलगाशी बोलण्यापूर्वी रोग्याकडे वळा, आणि त्याला समजेल अशा शब्दांत त्याला विचारा. आपण वैद्य नसाल, तरी दोन भाषा जाणणारा माणूस रोग्याच्या खाटेशी फार मोलाचा असतो. मंडळीतील आजाऱ्यांच्या भेटीला जाताना फळांच्या पिशवीबरोबर अर्धा तास वेळही न्या. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न त्या रोग्याबरोबर बसून लिहून काढा, आणि तो सांगेल तेच लिहा. घरातील सुनेला, आजीला, मोलकरणीला दवाखान्यात नेताना तिच्या वतीने उत्तरे देण्याची घाई करू नका.

तिंडिवनमच्या त्या रात्री तीन हाका आल्या होत्या. त्या हाकांना पोहोचण्यासाठी एका तरुणीला आपला देश, आपली स्वप्ने आणि अखेर आपला हट्टही सोडावा लागला. आपल्या दाराशी आलेल्या हाकेसाठी आपणांस कदाचित एवढे सोडावे लागणार नाही. परंतु रोग्याच्या जवळ जाऊन उभे मात्र राहावे लागेल. ती कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.